रमाबाईंचं उघडं दार

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आठवणी तर सगळेच लिहिणार. मधल्या सुट्टीतल्या चिंचा-बोरं, वर्गाबाहेर अंगठे धरून उभं राहणं, स्नेहसंमेलनातलं फसलेलं नाटक, हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं सांगणारे आपल्या बॅचमध्ये पुष्कळ आहेत. मी दिवसभर संगणकाला कळेल असं लिहिते. माणसांसाठी लिहायची सवय केव्हाच सुटली. म्हणून ठरवलं, नवीन काही शोधण्यापेक्षा शाळेतच अर्धवट राहिलेलं एक काम पुरं करावं.

आठवीत 'मला आवडलेली थोर स्त्री' या विषयावर निबंध होता. बहुतेकांनी जिजाबाई, झाशीची राणी नाहीतर सावित्रीबाई निवडल्या. मी पंडिता रमाबाईंवर लिहिलं. वर्गातली ख्रिस्ती मुलगी मी एकटीच, आणि रमाबाईंचं चरित्र आमच्या घरात होतं, त्यामुळे माहिती आयतीच मिळाली. सनावळ्या, संस्थांची नावं, सगळं टाकलं. मराठीच्या बाईंनी गुण चांगले दिले, पण खाली लाल शाईत शेरा मारला. माहिती भरपूर आहे, मात्र एवढं सोसून ही बाई उभी कशावर राहिली ते निबंधात आलेलं नाही, अशा अर्थाचा. तेव्हा राग आला होता. आता बाईंच्या वयाची झाल्यावर कळतं की खरा प्रश्न तेवढाच होता. बाई, तीस वर्षं उशीर झाला, पण निबंध पुन्हा लिहून आणला आहे.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे पंडित. बायकांना संस्कृत शिकवू नये असं मानणाऱ्या काळात त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं, आणि लक्ष्मीबाईंनी धाकट्या रमेला. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते कायमचंच. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराणं सांगायची, लोक देतील त्यावर राहायचं, आणि पुढच्या तीर्थाची वाट धरायची. पोरीचं शाळेत नाव कधी घातलं गेलं नाही, पण हजारो श्लोक तिला तोंडपाठ होते.

मग 1870 च्या दशकातला दक्षिणेतला दुष्काळ आला. पैसा संपला, भांडी विकली, दागिने विकले. मागण्याची लाज आणि मजुरीची सवय नाही. त्यांना एकच उपाय माहीत होता, तो म्हणजे देवाला आळवणं. व्रतं केली, जप केले, दानं दिली, प्रदक्षिणा घातल्या. शेवटी रानात अकरा दिवस पाणी, पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढायची वेळ आली. वडिलांची दृष्टी गेलेली होती. जाण्यापूर्वी त्यांनी या लाडक्या लेकीला जवळ घेऊन सांगितलं की मी तुला देवाच्या हाती दिलं आहे, जन्मभर त्याचीच होऊन राहा. त्यांच्यामागून थोड्याच दिवसांत आई गेली. खांदा द्यायला पुरेशी माणसं मिळेनात. रमाबाई उंचीने लहान, म्हणून त्यांनी आईची तिरडी खांद्यावर न घेता डोक्यावर घेतली. पुढे थोरली बहीणही पटकीने गेली.

उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी हिंदुस्थानभर फिरली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हतं, तेव्हा वाळूत खड्डे खणून त्यात ती दोघं झोपली आणि वरून कोरडी वाळू ओढून घेतली. 1878 मध्ये ती कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. आठवीतल्या निबंधात इथे मी मोठं उद्गारचिन्ह टाकलं होतं. पण ही पदवी मिळाली त्या वेळी रमाबाईंच्या मनात देवाविषयी फारसं काही उरलेलं नव्हतं. एवढं आळवूनही घरातली माणसं एकामागून एक गेली होती. श्लोक जिभेवर राहिले, विश्वास मात्र वाटेत कुठेतरी गळून पडला.

1880 मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. आसामकडच्या सिल्चरला संसार मांडला. 1881 मध्ये मनोरमा झाली. तिथे घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका सापडली आणि ती वाचायची गोडी लागली. नवऱ्याला हे फारसं रुचलं नाही. पण तो वाद रंगण्याआधीच फेब्रुवारी 1882 मध्ये तेही पटकीने गेले. चोविसाव्या वर्षी रमाबाईंच्या हातात एक तान्ही मुलगी आणि डोक्यावर विधवेपण होतं.

इथून पुढचं आपण सगळ्यांनी पाठ केलेलं आहे. पुण्याला येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिलं, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात हे ठासून मांडलं. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. स्वतः डॉक्टर व्हायची इच्छा होती, पण कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे ते जमलं नाही. वाँटेज गावी सेंट मेरी संघाच्या भगिनींकडे त्या राहिल्या. या भगिनी समाजाने टाकून दिलेल्या बायकांना घरात घेऊन त्यांची सेवा करत. अशा बाईला पुन्हा माणसांत आणता येतं, हे रमाबाईंनी तिथे प्रथम पाहिलं. हे करायला लावणारा ख्रिस्त कोण, असा प्रश्न त्यांना पडला आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात खळबळ उडाली.

लोकांना वाटतं, आणि मलाही वाटायचं, की गोष्ट इथे संपली. रमाबाई ख्रिस्ती झाल्या, त्यांना शांती मिळाली. पण तसं झालं नाही. हे त्यांनी स्वतःच 1907 मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत फार प्रामाणिकपणे सांगितलं आहे. बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं त्या नेमाने प्रार्थना करत होत्या, चर्चला जात होत्या, धर्मशास्त्रावर मोठमोठ्या लोकांशी वाद घालत होत्या. पंथांच्या मतभेदांनी त्या गोंधळून जात. प्रार्थनेला बसायच्या, पण आत काही हलत नव्हतं. धर्म मिळाला होता, पण ज्याच्यासाठी तो घेतला तो भेटला नव्हता, असं त्यांना नंतर उमगलं.

मधल्या काळात काम मात्र झपाट्याने वाढत होतं. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं अमेरिकेतच राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव व्याख्यानं दिली. बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि तिने दहा वर्षं पैसे पुरवायचं कबूल केलं. अट एवढीच होती की शाळेत कोणत्याही धर्माची सक्ती किंवा शिकवण नको. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या, ज्या पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार होती. बाहेरून पाहणाऱ्याला रमाबाईंचं सगळं मार्गी लागलेलं दिसलं असतं.

1891 च्या सुमारास त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मगुरूचं आत्मचरित्र आलं. हा गृहस्थ कॉर्नवॉलमधल्या आपल्या चर्चमध्ये उपदेश करता करता स्वतःच्याच शब्दांनी गलबलून गेला. इतरांना जे सांगतो आहोत ते आपल्यालाच मिळालेलं नाही, हे त्याला व्यासपीठावर उभं असतानाच कळलं. रमाबाईंनी ते वाचलं आणि त्यांना आपलंच चित्र दिसलं. मग कोणी गुरू नाही, मोठी सभा नाही. एकटीने बायबल उघडून बसणं, आणि जसं आहे तसं मन देवापुढे मोकळं करणं. आपण काही कमवून त्याच्यापुढे जायचं नाही, त्याने आधीच जवळ घेतलं आहे, हे त्यांच्या ध्यानात यायला सारी विद्वत्ता बाजूला ठेवावी लागली. त्यानंतर जो आनंद त्यांना झाला तो इतका भरभरून होता की तो आत ठेवणं त्यांना जमेना. त्याला त्यांनी कधीही न संपणारा ठेवा म्हटलं आहे.

आणि आनंदाची किंमत लगेच द्यावी लागली.

रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करत. खोलीचं दार उघडं असे. सदनातल्या काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. त्या कोवळ्या विधवा होत्या. कोणी आपल्याला जवळ बसू देतं, हेच त्यांना नवीन होतं. गावात बोभाटा झाला. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. सल्लागारांनी सुचवलं की प्रार्थना खुशाल करा, फक्त दार लावून करा. मार्ग सोपा होता. दार लावलं असतं तर शाळा वाचली असती, नाव वाचलं असतं, रानड्यांसारख्यांचा पाठिंबाही राहिला असता.

रमाबाईंनी दार लावलं नाही. हिंदू घरातली आई जर मुलांदेखत पूजा करते, तर मी माझ्या घरात माझी उपासना चोरून का करू, असा त्यांचा सरळ विचार होता. कोणाला बोलवायचं नाही, पण आलेल्याला घालवायचंही नाही. ऑगस्ट 1893 मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि वीस-पंचवीस मुलींना त्यांच्या पालकांनी काढून नेलं.

हा प्रसंग मी अनेक वेळा उलटसुलट पाहिला आहे. पालकांची बाजू मला कळते. मुलींना सक्ती होणार नाही या भरवशावर त्यांनी त्या तिथे पाठवल्या होत्या, आणि लहान, दुःखी मुलीचं मन ज्या माणसाकडून माया मिळते त्याच्याकडे झुकणारच. सल्लागार काही वाईट माणसं नव्हती. बायकांच्या शिक्षणासाठी त्यांनी स्वतः शिव्या खाल्ल्या होत्या. आणि काढून नेलेल्या मुलींचं काय झालं असेल, हा विचार रमाबाईंना छळल्याशिवाय राहिला नसणार. तरीही मला रमाबाईंचं दार उघडंच बरं वाटतं. पंधरा-वीस वर्षं त्यांनी देवाला शोधलं, आणि सापडल्यावर तो लपवून ठेवायचा, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. आनंद दाराआड ठेवला की हळूहळू त्याचा नुसता नेम होतो, हे आठ वर्षांच्या अनुभवाने त्यांना ठाऊक होतं.

इथे थोडं माझं सांगते, कारण त्याशिवाय हा निबंध मी पुन्हा का लिहिला ते कळणार नाही. काही वर्षांपूर्वी बाबा आजारी पडले. पाच महिने मी रोज प्रार्थना केली. आमच्या कामात अडचणींची यादी असते. एकेक सुटली की खूण करायची, सुटली नाही तर वरच्या माणसाकडे पाठवायची. माझी प्रार्थना अगदी तशीच होती. रोज तीच विनंती पुन्हा वर पाठवायची आणि उत्तराची वाट बघायची. बाबा गेले. मी यादी बंद केली. रविवारी चर्चला जायचे, पण डोळे मिटले की समोर काही नसायचं. तेव्हा आईने कपाटातून ते जुनं चरित्र काढून दिलं. आणि मला पहिल्यांदा दिसलं की रमाबाईंनीही रानात, उपाशीपोटी, आपल्या बाबांसाठी हेच केलं होतं. त्यांचेही बाबा गेले होते.

असं का होतं, याचं उत्तर रमाबाईंकडे मला सापडलं नाही. सापडलं ते वेगळं. त्यांना मिळालेला आनंद ही मागितलेल्या गोष्टीची पोच नव्हती. मागणं त्यांनी सोडलं नाही, उलट लहान मुलासारखं बिनधास्त मागितलं. लोणावळ्याच्या एका प्रार्थना मेळाव्याला त्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या होत्या. तिथे पहाटे त्यांनी देवाकडे मागितलं की या पंधरांचा वर्ग होऊ दे, म्हणजे दोनशे पंचवीस. (गणिताच्या सरांनी याची नोंद घ्यावी.) पण मागितलेलं मिळण्या-न मिळण्यावर त्यांचं देवाशी असलेलं नातं टांगलेलं नव्हतं. आधी नातं, मग मागणं. माझं उलटं होतं.

त्या दोनशे पंचवीस मुली कशा आल्या, तेही पाहा. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. भुकेल्या, अनाथ मुलींना कोण उचलून नेतं हे रमाबाईंनी पाहिलं आणि त्यांना स्वतःचं लहानपण आठवलं. त्या तिकडे गेल्या आणि जवळजवळ तीनशे बायका-मुलींना घेऊन आल्या. पुण्यात त्या वेळी प्लेग. एवढ्या जणींना शहरात ठेवणं शक्य नव्हतं. दौंडच्या वाटेवर केडगावला त्यांनी फळबागेसाठी जमीन घेऊन ठेवली होती, तिथे तात्पुरता निवारा उभा केला. तेच मुक्ती सदन. 1900 मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. बॉस्टनच्या मदतीची दहा वर्षं याच सुमारास संपली होती. आता उद्याच्या धान्यासाठीही प्रार्थनाच होती.

पण नुसती प्रार्थना करून त्या बसल्या नाहीत. केडगावला विहिरी खणल्या, शेती केली, हातमाग, तेलाचा घाणा, दूधदुभतं आणि छापखाना चालवला. अंध बायकांसाठी वेगळं सदन होतं, तिथे मनोरमा ब्रेलमधून शिकवायची. ज्यांना कुठेच थारा नव्हता त्यांच्यासाठी कृपा सदन होतं. स्वतः रमाबाई पांढरं लुगडं नेसत आणि जन्मभर शाकाहारी राहिल्या. धर्म बदलला म्हणून सगळंच बदललं पाहिजे, असं त्यांना कधी वाटलं नाही.

जानेवारी 1905 मध्ये त्यांनी रोज एकत्र प्रार्थना करायला कोण येईल असं विचारलं. सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या. महिनाअखेरीस तिथे जे घडलं त्याची बातमी जगभर गेली. मुली मोठमोठ्याने रडत, आपल्या चुका कबूल करत, आणि मग तासन्‌तास आनंदाने गात. काही लोकांना हा निव्वळ उन्माद वाटला. पण ज्या मुलींनी दुष्काळात आईबाप गमावले, नको नको ते भोगलं आणि कोणापुढे रडायचीही सोय नव्हती, त्यांना एकदा मोकळं रडता आलं आणि नंतर हसता आलं, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

शेवटची सतराएक वर्षं रमाबाई एका मोठ्या कामात होत्या. खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत अख्खं बायबल आणायचं. त्यासाठी या संस्कृत पंडितेने हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि आपले आवडते जड संस्कृत शब्द स्वतःच्या हातांनी बाजूला काढले. छपाईचं काम मुक्तीतल्या मुलींनीच केलं.

काम हातात असतानाच जुलै 1921 मध्ये मनोरमा मिरजेला वारली. चाळीस वर्षांची. मुक्तीचा सगळा भार तीच पुढे नेणार होती. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा यांच्यानंतर आता एकुलती एक लेक. तेच दुःख, जे पहिल्या वेळी त्यांचा विश्वास घेऊन गेलं होतं. या वेळी मात्र तो गेला नाही. रमाबाई थकल्या होत्या, ऐकू जवळजवळ येत नव्हतं, पण रोजची प्रार्थना आणि रोजची मुद्रितं सुरूच राहिली. भाषांतराची शेवटची तपासणी संपवून 5 एप्रिल 1922 रोजी केडगावला झोपेतच त्या गेल्या. संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला.

बाई, ही बाई कशावर उभी राहिली, या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. मनोरमा गेल्यावरही त्यांच्यापाशी जे शिल्लक होतं, त्यावर. ते त्यांना सुखाच्या दिवसांत मिळालेलं नव्हतं, म्हणून दुःखाच्या दिवसांत गेलंही नाही. आणि अंध झालेल्या वडिलांनी शेवटी जे सांगितलं, की जन्मभर देवाचीच होऊन राहा, ते आपण मोडलं असं रमाबाईंना वाटत नव्हतं. आपण तेच पाळतो आहोत असंच त्या मानत. आपल्यातल्या बहुतेकांचा देव आणि त्याला हाक मारण्याची रीत माझ्याहून वेगळी आहे. त्यांनाही हे पटवून घ्या असं मी म्हणत नाही. पण ज्याने कधी आळवून आळवून शेवटी हात रिकामे पाहिले आहेत, त्याला रमाबाई परक्या वाटणार नाहीत.

माझ्यापुरतं सांगायचं तर यादी मी पुन्हा सुरू केली आहे, पण ती आता शेवटी येते. आधी नुसती बसते. कधी काही होतं, पुष्कळदा काही होत नाही. बाबांची आठवण आली तर तीही तिथेच ठेवते. पूर्वी या वेळी मी खोलीची कडी लावायचे. आता लावत नाही. धाकटी कधी येऊन शेजारी बसते, कधी शाळेचा डबा कुठे आहे ते विचारून निघून जाते.

गेल्या वर्षी पुण्याहून दौंडच्या गाडीने केडगावला जाऊन आले. मिशन अजून सुरू आहे. पुढच्या वेळी कोणाला यायचं असेल तर कळवा, एकत्र जाऊ. आणि संमेलनाच्या दिवशी आपण पुन्हा रांगेत उभं राहून शाळेची प्रार्थना म्हणणार आहोत असं कळलं. तेव्हा एक डोळा किलकिला करून कोण बोलतंय ते बघायची माझी सवय सगळ्यांना ठाऊक आहे. या वेळी दोन्ही मिटीन, असं बाईंना आधीच सांगून ठेवते.